दयेला बांध असावा काय?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मंडळींतील एक परिचारिका भगिनी चार दिवसांच्या रजेवर गांवीं आली होती. शहरांतील एका मोठ्या इस्पितळांत लहान मुलांच्या विभागांत ती काम करिते. रविवारची उपासना आटोपून सर्व मंडळी पांगली, तरी ती मंदिराच्या पायरीवर बसून राहिली. आम्हीं विचारपूस केली तेव्हां ती म्हणाली, "पाळकसाहेब, आठ दिवसांपूर्वीं माझ्या हातांत एक पोर गेलें. तीन आठवडे मीच त्याचें सारें करीत होतें. त्याची आई धाय मोकलून रडली. मी तिला धरून बसलें. मग पोराला पुसून, कापडांत गुंडाळून दिलें. वहींत नोंद केली. हात धुतले, आणि डबा उघडून जेवलें. मला रडूं आलें नाहीं. भाकरी गोड लागली. माझें काळीज दगडाचें तर झालें नाहीं ना?"

आम्हीं तिला काय उत्तर दिलें तें सांगावयास आज लाज वाटते. "प्रार्थना अधिक कर, रोग्यांवर अधिक प्रीति कर, म्हणजे अंतःकरण पुन्हां कोमल होईल," असें आम्ही बोलून गेलों. तिनें मान हलविली, सलाम केला, आणि ती घरीं गेली. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. जिनें तीन आठवडे परक्याच्या लेंकराचें सारें केलें, तिला आम्हीं 'आणखी प्रीति कर' म्हणून सांगितलें! दिवसभर नांगर ओढून बसलेल्या बैलाला चाबूक दाखवावा, तसेंच तें झालें.

तेव्हांपासून जो विचार आम्ही करीत आलों तो वाचकांपुढें ठेवितों. दया चांगली कीं वाईट असा प्रश्न कोणी करीत नाहीं. परंतु ज्याला सणावारीं नव्हे तर रोज, एका शेजाऱ्यावर नव्हे तर खोलीभर अनोळखी माणसांवर, आणि तीहि पगार घेऊन दया करावी लागते, त्यानें ती कोठपर्यंत करावी? दुसऱ्याचें दुःख किती आपलें मानावें? दयेला बांध असावा काय? आणि असावा, तर तो घालावा कोणी?

परिचारिकेचें काम काय, असें कोणास विचारलें तर तो सांगेल: औषध देणें, सुई टोचणें, जखम धुणें, ताप पाहणें, अंथरूण बदलणें. हीं कामें वहींत मांडतां येतात. याशिवाय ती आणखी एक काम करिते, तें कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं. शस्त्रक्रियेच्या भीतीनें थरथरणाऱ्या म्हाताऱ्याचा हात ती धरिते. डॉक्टरांस बोलण्याचें धैर्य नसलेला नातेवाईक तिच्यावर ओरडतो. तो राग ती गिळिते. एका खाटेवर माणूस अखेरचे श्वास घेत असतो, आणि दहा पावलांवरच्या खाटेवर दुसरा आज घरीं जावयाचें म्हणून आनंदांत असतो. त्या दहा पावलांत तिला आपला चेहरा बदलावा लागतो. एका पाळींत असें किती वेळां होतें, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

या कामाला नांव मिळालें तें अलीकडे. आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं १९८३ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध करून त्याला 'भावनिक श्रम' असें म्हटलें. त्यांनीं विशेषतः विमानांत प्रवाशांची सरबराई करणाऱ्या तरुणींचें काम पाहिलें. जशी मजुराची पाठ विकत घेतली जाते, तसें येथें माणसाचें हंसूं व सौजन्य विकत घेतलें जातें, असें त्यांनीं दाखविलें. हे श्रम दोन रीतींनीं होतात. एका रीतीनें माणूस नुसता चेहरा बदलतो आणि मन होतें तसेंच ठेवितो. दुसऱ्या रीतीनें तो आपलें मनच समजावून त्याजमध्यें खरी माया उत्पन्न करितो. पहिल्यानें चेहरा थकतो, दुसऱ्यानें मन थकतें. पुढें १९९२ सालीं पॅम स्मिथ या इंग्लिश परिचारिकेनें आपल्याच धंद्यावर या दृष्टीनें पुस्तक लिहिलें. शिकाऊ परिचारिकांस हें काम कसें शिकावें लागतें, आणि त्यांत विभागाच्या मुख्य सिस्टरचा वांटा किती मोठा असतो, हें त्यांनीं त्यांत मांडिलें. जेथें मुख्य सिस्टर आपल्या हाताखालच्या मुलींची काळजी घेते, तेथें त्या मुली रोग्यांची काळजी घेऊं शकतात.

येथें एक शंका उत्पन्न होते. मनांत नसतांना चेहऱ्यावर हंसूं आणणें हें ढोंग नव्हे काय? आम्हां उपदेशकांस तर ही शंका फारच बोंचते. कारण ढोंग्यांविषयींचे प्रभूचे कठोर उद्गार आम्हीच लोकांस वाचून दाखवितों. आणि आम्हीं स्वतः सकाळीं एका घरचा दफनविधि चालवून दुपारीं दुसऱ्या घरचें लग्न लाविलें आहे, व दोन्हीं ठिकाणीं त्या त्या घरास साजेल असें तोंड ठेविलें आहे. तें ढोंग होतें काय? आम्हांस वाटतें, नव्हे. ढोंगी मनुष्य आपल्या लाभासाठीं दुसऱ्यास फसवितो. परिचारिका आपला थकवा झांकते तो रोग्याच्या लाभासाठीं. आई स्वतः तापानें फणफणलेली असतांहि लेंकरापुढें हंसते. तिला कोणी खोटारडी म्हणत नाहीं. मायेला नेहमींच उमाळा यावा असें नाहीं. पुष्कळ वेळां माया म्हणजे उमाळा नसतांना केलेलें योग्य काम होय.

तथापि या शंकेंत भयाचा एक अंश खरा आहे. वर्षानुवर्षें हुकुमाप्रमाणें भावना आणाव्या लागल्या, म्हणजे आपली स्वतःची भावना कोणती हें माणसास ओळखूं येईनासें होतें. हॉक्शील्डबाईंनींहि ही सूचना दिली आहे. पायरीवर बसलेल्या आमच्या भगिनीस नेमकी हीच भीति होती. म्हणून बांधाचा विचार करणें भाग आहे.

शेतकरी वाचकांस बांध म्हणजे काय हें सांगावयास नको. बांधच नसला तर वळवाच्या पहिल्याच सरींत माती वाहून जाते. बांध भक्कम घातला, पण पाण्यास सांड ठेविली नाहीं, तर पाणी तुंबून पीक पिवळें पडतें. शुश्रूषेंतहि या दोन्ही चुका होतात, आणि दोहोंचा अभ्यास झालेला आहे.

प्रथम तुंबलेल्या पाण्याची गोष्ट पाहूं. इझाबेल मेन्झीज या मनोविश्लेषक बाईंनीं लंडनमधील एका शिकवणीच्या मोठ्या इस्पितळांतील परिचारिकांची व्यवस्था तपासून १९६० सालीं आपला अभ्यास प्रसिद्ध केला. रोग्याशीं जवळीक झाली म्हणजे मनास त्रास होतो. तो होऊं नये म्हणून त्या इस्पितळांत जवळीकच होऊं न देण्याची रीति पडली होती. एका परिचारिकेकडे अमुक रोगी असें न देतां, तिच्याकडे सर्व रोग्यांचें एकच काम दिलें जाई. रोग्यास नांवानें न ओळखतां खाटेच्या आंकड्यानें किंवा रोगाच्या नांवानें ओळखीत. मुलींस एका विभागांतून दुसऱ्या विभागांत वरचेवर हलवीत. मन कोठें गुंतूं नये असा बेत होता. परिणाम काय झाला? मनाची तळमळ गेली नाहीं. ती आंतच राहिली. उलट, आपल्या हातून एका माणसाचें भलें झालें, हें जें या धंद्यांतील खरें समाधान, तें मात्र गेलें. शिकाऊ मुलींपैकीं पुष्कळ जणी शिक्षण अर्धवट टाकून निघून जात, आणि जाणाऱ्यांत चांगल्या मुलीहि असत.

आतां बांध नसलेल्या शेताची गोष्ट. आपल्या देशांत एके काळीं परक्याच्या रक्तास व मळास हात लावणें हलकें मानीत. त्यामुळें आरंभीं या धंद्यांत आल्या त्या बहुतेक ख्रिस्ती मुली. मिरजेस डॉक्टर वानलेस यांनीं १८९४ सालीं इस्पितळ उघडलें. तशीं इतरत्रहि मिशनांनीं दवाखाने उघडले, आणि खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांनीं आपल्या मुली तेथें पाठविल्या. या कामाला आपण 'सेवा' असें नांव दिलें. नांव थोर आहे, पण त्याच्या आड एक अन्याय लपून बसला. मजुरी म्हटली कीं तास मोजतात. सेवा म्हटली कीं मोजावयाचें नाहीं! सेवा करणारीनें थकूं नये, पगार वाढवून मागूं नये, रात्रीं बारा वाजतां दार वाजलें तरी कपाळाला आंठी पाडूं नये. २००५ सालीं सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून गांवोगांवीं ज्या आशाताई काम करूं लागल्या, त्यांचेंहि असेंच झालें आहे. त्या गांवच्याच सुना. त्यांस पगार नव्हे, तर मानधन व कामागणिक मोबदला. पण गांवास वाटतें, आशाताई म्हणजे केव्हांहि हांक मारावी अशी आपली हक्काची बाई.

१९७४ सालीं हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत, मोफत दवाखान्यांत झटणाऱ्या लोकांविषयीं लिहितांना, अशा अवस्थेस 'जळून जाणें' असा शब्द योजिला. सर्वांत उत्साही लोकच आधीं जळतात असें त्यांस आढळलें. पुढें क्रिस्टीना मास्लॅक या विदुषीनें तिचीं तीन लक्षणें ठरविलीं: मन पार रितें होणें, समोरचें माणूस हें माणूस न वाटतां वस्तु वाटणें, आणि आपल्या हातून कांहींच धड होत नाहीं असें वाटणें. यांतील दुसरें लक्षण वाचकांनीं पुन्हां वाचावें. ज्यानें अतिशय माया केली, त्यालाच शेवटीं माणूस वस्तूसारखें दिसूं लागतें! म्हणजे ज्यानें मुळींच जवळीक केली नाहीं आणि ज्यानें बेसुमार केली, ते दोघे निराळ्या वाटांनीं निघून एकाच गांवीं पोंचतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं या अवस्थेची जी व्याख्या केली, तींत तिला रोग न म्हणतां, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटलें. भेद लहान दिसतो, पण महत्त्वाचा आहे. रोग म्हटला कीं दोष रोग्याच्या शरीरांत शोधावयाचा. कामाचा ताण म्हटला कीं काम कसें दिलें व कोणीं दिलें, हें विचारावयाचें.

हें सूत्र हातीं धरून आम्ही पुढें जातों. दयेचा बांध ही एकट्या परिचारिकेनें आपल्या मनांत घालावयाची गोष्ट आहे, असें आम्हीहि समजत होतों. तसें नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंस लोक 'दिवा घेतलेली देवी' म्हणून ओळखतात. परंतु १८५९ सालीं त्यांनीं शुश्रूषेवर जें लहानसें पुस्तक लिहिलें, त्यांत देवीपणास जागा नाहीं. त्यांतील एक प्रकरण केवळ व्यवस्थेवर आहे. आपण जवळ असतांना रोग्यासाठीं जें करितों, तें आपण जवळ नसतांनाहि होईल अशी तजवीज ज्यास करितां येत नाहीं, त्याची शुश्रूषा व्यर्थ होय, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. मी एकटीच सर्व करीन, असा हट्ट धरणारी दयाळू असेल, पण ती झोंपी गेली कीं तिचा रोगी उघडा पडतो.

याचें मोठें उदाहरण आपल्याच मुंबईंत घडलें. परळच्या केईएम इस्पितळांत अरुणा शानभाग नांवाची तरुण परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं त्याच इस्पितळाच्या एका नोकरानें तिच्यावर अमानुष अत्याचार केला. गळा आवळला गेल्यामुळें मेंदूस इजा झाली, आणि ती पुन्हां पूर्वस्थितीस कधींच आली नाहीं. १८ मे २०१५ रोजीं ती वारली. मधलीं जवळजवळ ४२ वर्षें तिच्या सहकारी परिचारिकांनीं तिला भरविलें, न्हाऊं घातलें, कूस बदलून दिली. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर अंथरुणाची जखम पडूं दिली नाहीं. जो कोणी कधीं आजाऱ्यापाशीं महिनाभर बसला असेल, त्यास या गोष्टीचा अर्थ कळेल.

तिला अशा स्थितींत जगवावें कीं नाहीं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका लेखिकेनें तिच्या वतीनें केलेली मागणी ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें फेटाळली. तिच्या वतीनें बोलण्याचा खरा अधिकार इतकीं वर्षें तिला सांभाळणाऱ्या इस्पितळाच्या लोकांचा आहे, असें सांगितलें, आणि परिचारिकांच्या सेवेची मोठी वाखाणणी केली. जीवन व मरण यांविषयींचा तो प्रश्न फार गंभीर आहे. त्याचा विचार येथें दोन ओळींत करणें बरें नव्हे. आम्ही निराळेंच विचारतों: हें प्रेम ४२ वर्षें टिकलें कसें?

तें टिकलें, कारण तें एकीचें नव्हतें. १९७३ सालीं जिनें तिला प्रथम भरविलें, ती २०१५ च्या कितीतरी आधीं कामावरून निवृत्त झालेली असणार. आणि ज्यांनीं शेवटीं भरविलें, त्यांतील कित्येकींचा १९७३ सालीं जन्महि झाला नसेल. सकाळपाळीची परिचारिका दुपारपाळीच्या हातीं तिला सोंपवी, दुपारची रात्रींच्या हातीं. आणि सोंपवून ती घरीं जाई, आपल्या मुलांस जेवूं घाली, झोंपे. पाळी संपल्यावर घरीं गेली म्हणून कोणी तिला निर्दय म्हटलें नाहीं. उलट ती घरीं जाऊं शके, म्हणूनच दुसऱ्या दिवशीं हंसत परत येई. पाळी हाच त्या दयेचा बांध होता. एकट्या माणसाच्या बळावर सोंपविलें असतें तर हें प्रेम चार वर्षेंहि पुरलें नसतें.

त्यांत आणखी एक गोष्ट आहे. या परिचारिकांस 'नाहीं' म्हणतां येत होतें. १९७३ सालींच मुंबईच्या परिचारिकांनीं संप करून अरुणेसाठीं आणि आपल्या कामाच्या स्थितीसाठीं मागण्या केल्या. पुढें १९८० नंतरच्या दशकांत खाट मोकळी व्हावी म्हणून महापालिकेनें तिला तेथून हलविण्याचा दोनदां प्रयत्न केला. तेव्हां परिचारिकांनीं विरोध केला आणि तो बेत सोडावा लागला. ज्या हातांनीं भरविलें त्याच हातांनीं अडविलेंहि. दया म्हणजे सर्वांच्या सर्व मागण्यांस होकार, अशी आपली जी समजूत आहे ती येथें खोटी ठरते.

आतां कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, बांधाचें निमित्त करून कामचुकार लोक सुटतील. रोगी हांका मारील आणि सिस्टर घड्याळ दाखवून निघून जाईल." ही शंका रास्त आहे. खरेंच, दगडी मनाचा मनुष्यहि बांधाचेंच नांव घेतो. मग खरा बांध आणि खोटा बांध कसा ओळखावा?

याचें उत्तर आम्हांस लहानपणापासून पाठ असलेल्या एका दाखल्यांत होतें, पण आमची दृष्टि तेथें कधीं थांबली नव्हती. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनीं अर्धमेला करून टाकलेल्या मनुष्याजवळून याजक गेला, लेवी गेला. त्यांनींहि बांधच घातला. त्यांसहि आपापलें काम होतें. मग शोमरोनी आला. त्यानें जखमा बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें, रात्रभर सांभाळलें. येथवर आम्ही नेहमीं सांगतों. पण दुसऱ्या दिवशीं त्यानें काय केलें? तो आपल्या वाटेनें निघून गेला! जखमी मनुष्य अजून बरा झालेला नव्हता. तरी शोमरोनी त्याच्या खाटेपाशीं महिनाभर बसून राहिला नाहीं, किंवा त्यास आपल्या घरींहि घेऊन गेला नाहीं. त्यानें उतारशाळेच्या मालकास दोन नाणीं दिलीं, अधिक लागल्यास परत येतांना फेडीन असें सांगितलें, आणि आपला प्रवास पुढें चालू ठेविला. प्रभूनें त्याला अर्धवट दयाळू म्हटलें नाहीं. त्यालाच शेजारी म्हटलें.

म्हणून बांध खरा कीं खोटा हें दोन प्रश्नांनीं ठरवावें. एक, निघण्यापूर्वीं जखम बांधली काय? दुसरा, निघतांना त्यास कोणाच्या हातीं सोंपविलें काय? याजक व लेवी यांनीं जखमेस हात लावण्यापूर्वींच बांध घातला. शोमरोन्यानें जखम बांधून, सोंपवून, मग घातला. घड्याळ दाखवून हांका मारणाऱ्यास तसाच टाकून जाणारी परिचारिका पहिल्या दोघांच्या रांगेंत बसते. आपल्या पाळीचें काम करून, पुढच्या पाळीस नीट सांगून, चपला घालून घरीं जाणारी शोमरोन्याच्या रांगेंत बसते; मग वाटेंत तिला रडूं येवो वा न येवो.

पण उतारशाळाच नसती तर? किंवा मालकानें म्हटलें असतें, "माझ्याकडे आधींच चाळीस जखमी आहेत आणि नोकर एकच," तर? मग शोमरोन्यास दोनच वाटा उरल्या असत्या: जखमी टाकून जाणें, नाहीं तर स्वतः तेथेंच मोडून पडणें. आज आपल्या पुष्कळ परिचारिकांपुढें हीच स्थिति आहे. जेथें तिघींचें काम एकीवर पडतें, तेथें 'मनाला सांभाळ' असा उपदेश करणें ही थट्टा होय. ती दोन नाणीं कोणीं द्यावयाचीं? सरकारनें, इस्पितळ चालविणाऱ्यांनीं, आणि आम्हीं तुम्हींहि.

२०२० सालच्या साथींत हें उघड दिसलें. नातलगांस आंत येऊं देत नसत. मरणाऱ्याच्या कानाशीं फोन धरून त्याच्या मुलांचा आवाज त्याला ऐकविण्याचें काम परिचारिकांनीं केलें. त्या घडीला लेंक, सून व पाळक सर्व त्याच झाल्या. २२ मार्च रोजीं सायंकाळीं देशभर लोकांनीं टाळ्या व थाळ्या वाजवून त्यांचा गौरव केला. आणि त्याच दिवसांत कित्येक शहरांतून घरमालकांनीं परिचारिकांस भाड्याच्या खोल्या सोडावयास सांगितलें. देवी म्हणणें फार स्वस्त पडतें. देवीला भूक नसते, पाठदुखी नसते, भाड्याची खोली लागत नाहीं. म्हणून आमची विनंति आहे कीं परिचारिकेस देवी म्हणूं नये. तिला माणूस म्हणावें.

खेड्यांतील मंडळीच्या हातीं काय आहे? आम्हांस तीनचार गोष्टी सुचतात. रात्रपाळी करून सकाळीं घरीं आलेल्या सुनेला चुलीपुढें बसवूं नये. एक दुसरी पाळी घरीं तिची वाट पाहत असते, ती सासूनें व नवऱ्यानें वांटून घ्यावी. रजेवर आलेल्या मुलीच्या दारांत, "जरा हें औषध कसलें तें सांग, जरा सुई टोच," म्हणून रांग लावूं नये. निकड नसेल तर सरकारी दवाखान्याची वाट धरावी. आशाताईला रात्रीं उठवावें लागलें, तर दुसऱ्या दिवशीं तिच्या निंदणीच्या एका ओळीला कोणी हात लावावा. आणि ती बोलूं लागली तर ऐकावें. उपदेशक बंधूंस हें विशेष सांगतों, कारण अपराध आमच्या हातून झाला आहे: ऐकतांना उपदेश करूं नये. दुसऱ्यांचें दुःख ऐकून घेणाऱ्या माणसाचें ऐकून घेणारें कोणी असावें, हीच त्या तुंबलेल्या पाण्याची सांड.

आम्हीं त्या भगिनीस पत्र लिहिलें. पायरीवर दिलेलें उत्तर परत घेतों असें कळविलें. तूं त्या आईला धरिलेंस, लेंकराला पुसून स्वच्छ केलेंस, नोंद करून पुढच्या पाळीच्या हातीं काम दिलेंस. जखम बांधून मग निघालीस. पुढें तुला भूक लागली, हा अपराध नव्हे. शरीरानें आपलें काम केलें, म्हणूनच दुपारीं दुसऱ्या लेंकराला उचलण्याचें बळ तुझ्या हातांत आलें. आणि दगडाला आपण दगड झालों काय अशी शंका कधीं येत नाहीं. अशा अर्थाचें तें पत्र होतें.

तिचें उत्तर पंधरा दिवसांनीं आलें. आईच्या घरीं तांदूळ निवडतांना एकाएकीं रडूं कोसळलें, मग बरें वाटलें, इतकेंच तिनें लिहिलें होतें. खालीं तिनें त्या मुलाचें नांव लिहिलें होतें. आम्हीं तें विचारलें नव्हतें.